आकड्यांतून नाद : विद्यापीठातील संगणकसंगीताचा अभ्यास

एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोबाइल दूरध्वनी शहरांतून तालुक्याच्या गावी आणि तेथून खेड्यापाड्यांत पोहोचू लागला. त्या काळच्या अनेक संचांवर घंटेऐवजी सुरावटी वाजत. त्यांतील बासरी, सनई वा घंटानाद हा कोणत्याही वाद्यावर वाजविलेला नसे. संचातील नखाएवढी एक चकती आकडेमोड करून तो नाद तेथल्या तेथे निर्माण करीत असे. या आकडेमोडीची रीत कोणत्या कारखान्यात शोधली गेली नव्हती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत विभागातील एका तालवाद्यवादकाने ती १९६७ साली शोधून काढली होती.

संगणकाच्या साहाय्याने संगीताची व ध्वनीची रचना करणे हा आज जगातील अनेक विद्यापीठांत पदवी व पदव्युत्तर पातळीवर शिकविला जाणारा विषय आहे. संगीत आणि गणित या दोन टोकांच्या विद्या मानण्याची आपली सवय लक्षात घेता तो प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. हा विषय कसा उदयास आला, त्यात विद्यार्थी काय शिकतात आणि तो उभा राहण्यासाठी विद्यापीठाला काय द्यावे लागले, हे स्टॅनफर्डच्या उदाहरणावरून चांगले समजू शकते.

ध्वनी आणि आकडे

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. तंबोऱ्याची तार छेडली की ती हवेला ढकलते व ओढते. हवेचा दाब कमीअधिक होतो आणि तो फरक कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. हा दाब ठरावीक कालांतराने मोजून आकड्यांत लिहून ठेवला, तर ध्वनीची नोंद तयार होते. तेच आकडे क्रमाने विद्युत्प्रवाहात रूपांतरित करून ध्वनिक्षेपकाकडे पाठविले की मूळ ध्वनी पुन्हा ऐकू येतो. माणसाच्या कानाला दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो व त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० आकडे नोंदविण्याची पद्धत ठरली. एका मिनिटासाठी ही संख्या सव्वीस लाखांवर जाते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. आकडे मोजणीतूनच मिळाले पाहिजेत असे नाही. ते सूत्रानेही तयार करता येतात. असे केले म्हणजे जे वाद्य कधी अस्तित्वातच नव्हते त्याचा नाद ऐकता येतो. बेल प्रयोगशाळेतील अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकाकरिता 'म्युझिक' नावाची आज्ञावली लिहून हे प्रत्यक्ष करून दाखविले. त्या आज्ञावलीवर वाजलेली पहिली रचना अवघी १७ सेकंदांची होती.

त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर व लेनर्ड आयझॅकसन यांनी निराळ्या दिशेने प्रयोग केला. त्यांनी संगणकाला रचनेचे नियम दिले, संगणकाने स्वर निवडले आणि ते चार तंतुवाद्यांच्या वादकांनी वाजविले. 'इलियॅक सूट' या नावाने ही रचना ओळखली जाऊ लागली. एका प्रयोगात यंत्राने नाद निर्माण केला, तर दुसऱ्यात स्वरांची निवड केली. ध्वनिरचना आणि संगीतरचना या विषयाच्या दोन शाखा तेव्हापासूनच दिसू लागल्या.

कार्डांची पेटी

जॉन चाउनिंग हे १९६० नंतरच्या त्या वर्षांत स्टॅनफर्ड येथे संगीतरचनेचे विद्यार्थी होते. तत्पूर्वी त्यांनी पॅरिस येथे नादिया बूलांजे या विख्यात शिक्षिकेकडे अध्ययन केले होते. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांना नव्हते. विद्यापीठाच्या वाद्यवृंदातील एका सहवादकाने त्यांच्या हाती 'सायन्स' या नियतकालिकातील मॅथ्यूज यांचा लेख दिला. संगणक हे संगीताचे वाद्य होऊ शकते, असे त्या लेखाचे प्रतिपादन होते. चाउनिंग यांनी १९६४ च्या उन्हाळ्यात बेल प्रयोगशाळा गाठली. परतताना त्यांच्याजवळ आज्ञावली नोंदविलेल्या छिद्रांकित कार्डांची एक पेटी होती.

ती कार्डे चालविण्यासाठी संगणक हवा होता आणि संगीत विभागाकडे तो नव्हता. विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने आपल्या यंत्रावर काम करण्यास त्यांना मुभा दिली. संगणक जाणणाऱ्या एका पदवीपूर्व विद्यार्थ्याने त्यांना आज्ञावली लिहिण्यास शिकविले. दिवसा यंत्रावर इतरांची कामे चालत; संगीताच्या वाट्याला पुष्कळदा रात्रीची वेळ येई. काही सेकंदांचा नाद ऐकण्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागे. ज्याला या यंत्राचा उपयोग काय असे कोणीही विचारले असते, अशा एका वादकाला प्रयोगशाळेचे दार उघडे मिळाले. पुढील साऱ्या गोष्टी त्या दारातून आल्या.

आंदोलनातून नवा नाद

संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगितले आहेत : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिले दोन संगणकाला सहज साधत. अडचण होती ती जातीची. एकाच पट्टीतला षड्ज बासरीवर, सारंगीवर आणि घंटेवर वेगवेगळा ऐकू येतो, कारण मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांचे प्रमाण प्रत्येक वाद्यात निराळे असते. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा अशाच एका उपस्वराचा परिचित दाखला होय. वाद्यासारखा नाद घडवावयाचा तर प्रत्येक उपस्वर स्वतंत्रपणे मोजून मिळवावा लागे. हे काम त्या काळच्या यंत्रांना फार जड जात असे.

गायक लांबविलेला स्वर किंचित वरखाली हलवितो. ही आंदोलने दर सेकंदास पाच-सहा असतात व कानाला ती स्वराचे डोलणे म्हणून जाणवतात. १९६७ साली चाउनिंग एका साध्या नादावर अशा आंदोलनांचा वेग व व्याप्ती वाढवून पाहत होते. वेग पुष्कळ वाढला तेव्हा डोलणे ऐकू येईनासे झाले आणि त्याच्या जागी उपस्वरांनी भरलेला एक नवाच नाद ऐकू आला. केवळ दोन स्पंदकांच्या साहाय्याने, म्हणजे एकाने दुसऱ्याला हलवून, जे साधत होते त्यासाठी एरवी डझनावारी स्पंदक लागले असते.

दोन स्पंदकांच्या कंपनसंख्या पूर्णांकांच्या सोप्या प्रमाणात ठेवल्या तर फुंकवाद्यांसारखा सुरेल नाद मिळतो. प्रमाण विषम केले तर घंटा, झांज किंवा ढोल यांच्या जातीचा नाद उमटतो. या फरकाचे मूळ वाद्यांच्या भौतिकशास्त्रात आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर पूर्णांकी प्रमाणात नसतात. तबला व मृदंग यांवर शाई चढविल्याने ते त्या प्रमाणाजवळ येतात आणि म्हणूनच ही वाद्ये सुरात लागतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले होते.

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वारंवारता बदलण्याचे हे तंत्र रेडिओ अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. एफएम प्रक्षेपण त्यावरच चालते. परंतु ऐकू येणाऱ्या पट्टीत त्याचा नाद कसा लागतो हे ऐकण्यासाठी तेथे वादकाचा कान असावा लागला. त्याचे गणित पुढे मांडण्यात आले. शोध प्रथम कानाने लागला.

नाकारलेले पद

या पद्धतीवरील चाउनिंग यांचा शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. ध्वनिक्षेपकांच्या मधून नाद श्रोत्याभोवती फिरत असल्याचा भास निर्माण करणारी 'तुरेनास' ही त्यांची रचना १९७२ साली पूर्ण झाली होती. तरीदेखील याच सुमारास विद्यापीठाने त्यांना स्थायी अध्यापकपद नाकारले. संगीत विभागाच्या दृष्टीने हे काम संगीत नव्हते आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते अभियांत्रिकी नव्हते, अशी त्याची अवस्था होती. ज्या विद्येला अद्याप नाव नाही तिचे मूल्यमापन कोणत्या खात्याने करावे, हा प्रश्न प्रत्येक शिक्षणसंस्थेपुढे केव्हा ना केव्हा येतोच.

दरम्यान विद्यापीठाच्या परवाना कार्यालयाने हा शोध अमेरिकेतील ऑर्गन बनविणाऱ्या कंपन्यांना दाखविला होता. त्यांना त्यात रस वाटला नाही. जपानमधील यामाहा कंपनीच्या अभियंत्याने मात्र त्याचे महत्त्व थोड्याच वेळात ओळखले. कंपनीने परवाना घेतला. १९७५ साली चाउनिंग यांना विद्यापीठात परत बोलावण्यात आले आणि १९७७ साली शोधाचे पेटंट मंजूर झाले. पुढे १९८३ साली बाजारात आलेला यामाहाचा 'डीएक्स ७' हा सिंथेसायझर दीड लाखाहून अधिक संख्येने विकला गेला. त्यानंतर हेच तंत्र घरगुती संगणकांच्या ध्वनिपत्रांत आणि शेवटी मोबाइल संचांत आले. पेटंटची मुदत संपेपर्यंत विद्यापीठाला त्यापासून दोन कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळाले.

या कथेचा अर्थ केवळ पैशात करणे चुकीचे होईल. प्रयोग सुरू झाला तेव्हा कोणाच्याही मनात विक्रीचा विचार नव्हता. एका संगीतकाराला नवा नाद हवा होता, एवढाच त्याचा हेतू होता. उत्पन्न आले ते वीस वर्षांनंतर. मधल्या काळात हे काम बंद पडण्याची वेळ आली होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

'कार्मा'तील अध्ययन

१९७५ सालीच स्टॅनफर्ड येथे संगीत व ध्वनिशास्त्रातील संगणक संशोधनाचे केंद्र स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'कार्मा' असा केला जातो. विद्यापीठाच्या अध्यक्षांचे निवासस्थान म्हणून बांधलेल्या 'द नोल' या जुन्या वास्तूत हे केंद्र आहे. संगीत, संगणकशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी आणि मानसशास्त्र या विषयांचे विद्यार्थी येथे एकत्र काम करतात. संगीत, विज्ञान व तंत्रज्ञान या नावाची पदव्युत्तर पदवी व त्यापुढे विद्यावाचस्पती पदवीचा अभ्यास येथे करता येतो.

अध्ययनाचे स्थूलमानाने चार भाग सांगता येतील. पहिला भाग ध्वनीचे भौतिकशास्त्र व श्रवणाचे मानसशास्त्र यांचा. नाद कसा उत्पन्न होतो आणि कान व मेंदू त्याचा अर्थ कसा लावतात, हे विद्यार्थी त्यात शिकतो. दुसरा भाग आज्ञावली लिहिण्याचा. प्रिन्स्टन विद्यापीठात २००३ साली गे वांग व पेरी कुक यांनी संगीतासाठीच घडविलेली 'चक' ही संगणकभाषा त्यासाठी वापरली जाते; वांग पुढे स्टॅनफर्ड येथे अध्यापक झाले. तिसरा भाग ध्वनिसंकेतांच्या गणिताचा. नादातून एखादा अंश वेगळा काढणे, त्यात घुमारा मिसळणे अशी कामे यात येतात. चौथा भाग प्रत्यक्ष रचनेचा. विद्यार्थ्याने आपली रचना श्रोत्यांसमोर सादर करावयाची असते. गणित बरोबर असूनही नाद कानाला निर्जीव वाटला, तर काम पुन्हा करावे लागते.

२००८ साली येथे विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंदही स्थापन झाला. त्यात प्रत्येक वादकासमोर एक लॅपटॉप संगणक व एक स्वतंत्र अर्धगोलाकार ध्वनिक्षेपक असतो. लाकडी वाडग्यांना भोके पाडून त्यांत कर्णे बसवून हे ध्वनिक्षेपक तयार करण्यात आले. प्रत्येक वाद्याचा नाद त्या वाद्याच्या जागेवरूनच यावा, हा त्यामागील उद्देश होय.

तार, घुमट आणि शंख

या अभ्यासात काय घडते हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहिले छेडलेल्या तारेचे. स्टॅनफर्ड येथील केविन कारप्लस व ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली युक्ती अत्यंत सोपी आहे. दर सेकंदास १०० कंपनांचा स्वर हवा असेल तर सुमारे ४४१ वेडेवाकडे आकडे एका रांगेत ठेवावयाचे. पहिला आकडा वाजवावयाचा, त्याची व शेजारच्या आकड्याची सरासरी काढून ती रांगेच्या शेवटी ठेवावयाची आणि हेच पुन्हा पुन्हा करीत राहावयाचे. सरासरीमुळे वेडेवाकडेपणा हळूहळू विरतो. तार छेडताना होणारा तीक्ष्ण आवाज व त्यानंतरचा मृदू होत जाणारा स्वर दोन्ही त्यातून ऐकू येतात. शाळेतील सरासरीचे गणित येथे वाद्य होते.

दुसरे उदाहरण घुमटाचे. इस्तंबूल येथील हागिया सोफिया ही वास्तू इ. स. ५३७ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातील घुमारा दहा सेकंदांहून अधिक काळ टिकतो. ती वस्तुसंग्रहालय असतानाच्या काळात स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी तेथे फुगे फोडून त्यांचा निनाद मुद्रित केला. त्या मुद्रणावरून वास्तूचा ध्वनिगुण काढून तो एका गायकवृंदाच्या गायनाला जोडण्यात आला. कॅलिफोर्नियात गाणारे गायक त्या घुमटाखाली गात असल्यासारखे ऐकू आले. हे ध्वनिमुद्रण २०१९ साली प्रकाशित झाले. इमारतीचे छायाचित्र जपावे तसा तिचा नादही जपता येतो, हे यातून सिद्ध झाले.

तिसरे उदाहरण पेरू देशातील चाविन दे वांतार या प्राचीन देवस्थानाचे. तेथे २००१ साली उत्खननात शंखांची वीस वाद्ये सापडली. स्टॅनफर्डच्या पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी व 'कार्मा'च्या अभ्यासकांनी मिळून त्या शंखांचा नाद मोजला आणि देवस्थानाच्या भुयारी दालनांत तो कसा घुमतो याचा अभ्यास केला. संगीताची प्रयोगशाळा अशा प्रकारे इतिहासाच्याही कामी आली.

भारतातील प्रयत्न

स्टॅनफर्डमध्ये हे प्रयोग चालू होते त्याच वर्षांत भारतातही एक दार उघडले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसविण्यात आला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी त्यासाठी साहाय्य केले व गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय रचनाकारांनी त्यावर काम केले. हे यंत्र संगणक नव्हते. विजेच्या दाबाचे नियंत्रण करून ते नाद निर्माण करीत असे. काही वर्षांत हे काम थांबले. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्यांचा शोध घेतल्यानंतर त्यांतील निवडक रचना २०२३ साली श्रोत्यांसमोर आल्या. यंत्र अहमदाबादेतही आले होते आणि कलावंतही तेथे होते. परंतु एका पिढीने दुसरीला शिकवावे असा अभ्यासक्रम त्यातून उभा राहिला नाही.

नंतरच्या काळात मात्र स्टॅनफर्डच्या विद्येचा एक धागा भारतीय संगीतापर्यंत पोहोचला. 'कार्मा' येथे अध्ययन करून १९८९ साली विद्यावाचस्पती पदवी मिळविलेले झाव्हिएर सेरा यांनी बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २०११ साली 'कॉम्पम्युझिक' हा संशोधन प्रकल्प हाती घेतला. हिंदुस्थानी व कर्नाटक संगीतासह पाच संगीतपरंपरांचा त्यात समावेश होता. मुंबई व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था त्यात सहभागी झाल्या. संगणकाची बहुतेक साधने पाश्चात्त्य संगीताचे बारा स्वर गृहीत धरून बनलेली होती. मींड कोठून कोठे जाते, रागाची पकड ध्वनिमुद्रणातून कशी ओळखावी, विलंबित लयीत सम कशी शोधावी, या प्रश्नांसाठी ती अपुरी पडत. म्हणून आपल्या संगीताच्या नियमांनुसार नवी साधने तयार करावी लागली. हे काम केवळ अभियंत्याकडून झाले नसते. राग जाणणारा कान त्याला आवश्यक होता.

ध्वनिरचनेच्या शिक्षणाची सोय महाराष्ट्रात आहे. पुणे येथील फिल्म ॲण्ड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत ध्वनिमुद्रण व ध्वनिरचना हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो. चित्रपटातील पावलांचा आवाज, पावसाची सर, गावातील पहाटेची शांतता हे सर्व कोणीतरी विचारपूर्वक रचलेले असते, याची जाणीव प्रेक्षकाला क्वचितच होते.

शाळेच्या वर्गात

या विद्येचा आरंभ करण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता आता राहिलेली नाही. 'चक' ही भाषा, 'प्युअर डेटा' ही रचनेची आज्ञावली व ध्वनिमुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' ही साधने विनामूल्य मिळतात आणि साध्या संगणकावर चालतात. ज्या शाळेत एक संगणक व एक मायक्रोफोन आहे, तेथे विज्ञानाच्या शिक्षकाला शाळेची घंटा, तबल्याचा 'ना' आणि एखाद्या विद्यार्थिनीचा षड्ज मुद्रित करून तिन्हींच्या लहरी पडद्यावर शेजारी शेजारी दाखविता येतील. पाठ्यपुस्तकातील लहरींची आकृती आणि कानाने ओळखलेला नाद एकच आहेत, हे विद्यार्थ्याला त्या वेळी उमगते. गावात भजनी मंडळ असेल तर पखवाज वाजविणाऱ्या बुवांना त्या तासाला बोलावता येईल. शाईचे शास्त्र त्यांच्या हाताला पूर्वीपासूनच ठाऊक असते.

आपल्या विषयाच्या चौकटीत न बसणारा प्रश्न घेऊन एखादा विद्यार्थी शिक्षकाकडे किंवा संस्थाचालकाकडे येतो, तेव्हा त्याचा उपयोग काय हे त्या क्षणी दोघांनाही सांगता येत नाही. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेने १९६४ साली एका वादकाला असे प्रमाण मागितले असते, तर कार्डांची ती पेटी बंदच राहिली असती. तिने फक्त रात्रीची यंत्राची वेळ दिली, आणि विद्येची एक नवी शाखा त्या वेळेतून उभी राहिली.